गाई उतरतात तो आठवडा

सप्टेंबर अर्धा सरला की डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या फुटपाथवरून म्हातारी माणसं नाहीशी होतात. एप्रिल-मेपासून ती रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला दिसायला लागलेली असतात. पायात नवेकोरे पांढरे बूट, साडीवर मुलाचं कॉलेजातलं जुनं जॅकेट, हात मागे बांधलेले. सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. आम्ही त्यांना आईबाबा म्हणत नाही, 'पेरेंट्स' म्हणतो. "तुझे पेरेंट्स आले का?" "या वर्षी कुणाचा टर्न, तुझा की समीरचा?" टोमॅटोच्या रोपांसारखा हाही आमच्याकडचा एक सीझनच आहे. बर्फ पडायच्या आत सगळं आवरून घ्यायचं.

परवा मेलबॉक्सपाशी शेवटच्या उरलेल्या एक काकू भेटल्या. त्यांचं तिकीट रविवारचं होतं. "तुझी आई दिसली नाही गं तीन वर्षांत," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "तिला तिकडेच बरं वाटतं हो काकू." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की त्यातलं खोटं आता मलाच ऐकू येत नाही. "हो, बरं वाटून घ्यावंच लागतं," असं म्हणून काकू चालू लागल्या. त्यांची बॅग भरून झाली असणार. बॅग भरलेली माणसं फार स्पष्ट बोलतात.

मेपल एका बाजूनं लाल व्हायला लागलं, रस्त्याकडेला सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिलच्या पाट्या लागल्या, सकाळी गाडीच्या काचेवर दव धरलं, की मला टायरोल आठवतं. ऑस्ट्रियातल्या आल्प्समधला तो हिरवागार प्रदेश, त्याची जुनी राजधानी इन्सब्रुक, आणि तिथं आईबरोबर काढलेला एक आठवडा. फोटो अप्रतिम आहेत. लोक बघतात आणि म्हणतात, किती लकी आहेत तुझ्या आई. मीही मान डोलावते.

आईनं तीस वर्षं नाशिकच्या पोस्टात काउंटरवर काढली. जग तिला तिकिटांवरून आणि पत्त्यांवरून माहीत. ऑस्ट्रिया म्हटलं की तिला डोंगर आणि शिंग असलेला बोकड आठवायचा, कारण तसं एक तिकीट कधीतरी तिच्या हाताखालून गेलं होतं. बाबा गेल्यावर ती दर उन्हाळ्यात आमच्याकडे येऊ लागली. सहा महिन्यांचा शिक्का, त्याच्या आत परत. टायरोलच्या त्या वर्षी एप्रिलमध्ये, येऊन आठ दिवससुद्धा झाले नसतील, ड्रायरमधून काढलेले गरम कपडे आम्ही दोघी घड्या घालत होतो. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. घडी घालायला दोघी जवळ आलो तेव्हा ती म्हणाली, "मी इथंच राहू का गं?"

मी चादर घेतली आणि म्हणाले, "बघू."

मराठीत 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी सायकल मागितली, सहलीचं विचारलं, तेव्हा तिनंच मला हा शब्द शिकवला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही. उशांचे अभ्रे जोडीनं लावत राहिली.

नाही का म्हणावंसं वाटलं, याचं चांगलं कारण मी तीन वर्षं शोधतेय. घर मोठं आहे. माझ्या नवऱ्यानं, समीरनं, "तुझी आई, तू ठरव" असं म्हणून अंग काढून घेतलं होतं, पण त्याचा विरोध नव्हता. आमची ईशा कॉलेजसाठी ॲन आर्बरला गेली होती, तिची खोली रिकामीच. आई भांडखोर नाही, आजारी नाही, सोवळंओवळं करत नाही. खरं कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहितानाही लाज वाटते. संध्याकाळी गॅरेजचं दार वर जायला लागलं, की आतलं दार उघडून ती उभी असायची. रोज. माझ्या हातातली डब्याची पिशवी घ्यायची. कुणीतरी दिवसभर आपली वाट बघितली आहे, हे त्या चेहऱ्यावर दिसायचं आणि ते मला सोसायचं नाही. कितीदा तरी मी घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून दहा मिनिटं नुसती बसून राहिले आहे. तिला मी हवी होते, आणि मला कुणाला इतकं हवं असणं नको होतं.

गाड्यांच्या कारखान्यासाठी प्लॅनिंग करणं हा माझा धंदा. नवं मॉडेल लाइनवर यायच्या आधी काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि प्रत्येकावर उपाय लिहायचा. तशीच मी आईची एक शीट केली होती. तिला नाव दिलं होतं 'आई ट्रान्झिशन'. नाशिकचा तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट सोडायचा. गावाबाहेर एक नवी झकपक संस्था निघालेली, तिथं एक खोली धरायची. हे तिला सांगायचं कसं, हा एकच अवघड रकाना होता, आणि त्याच्यापुढे मी 'टायरोल' असं लिहिलं. परतीच्या वाटेवर एक आठवडा आल्प्स दाखवायचे. ईशाला बरोबर घ्यायचं, म्हणजे नातीसमोर आई रडणार नाही. बुधवारी सांगायचं, म्हणजे रविवारच्या विमानापर्यंत सावरायला चार दिवस मिळतात. वाईट बातमी सोमवारी देऊ नये आणि शुक्रवारी तर मुळीच देऊ नये, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. मी दुष्ट आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. मला वाटायचं, मी व्यवस्थित आहे.

आमचं पेन्शन, म्हणजे तिकडचं घरगुती लॉज, इन्सब्रुकपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात होतं. लाकडी सज्जे, सज्ज्यांतून ओसंडणारी लाल फुलं, मागे सरळ भिंतीसारखा उठलेला डोंगर. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. साठीच्या, गालांवर लाली, कमरेला ॲप्रन. ईशानं फोनवरचं बुकिंग दाखवून विचारलं, हेच ना ते घर? बाई मान हलवत म्हणाल्या, "या, या, या!"

आई जागच्या जागी उजळली. तिनं दोन्ही हात जोडले. "आले, आले," म्हणत ती उंबऱ्याशी गेली, बूट काढून कडेला नीट जोडीनं ठेवले आणि पायमोज्यांनिशी आत शिरली. वळून मला म्हणाली, "बघ, ओळख ना पाळख, तरी कशी बोलावतेय बाई. घरंदाज दिसते."

जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. मला माहीत होतं, ईशाला माहीत होतं. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि गप्प राहिलो. दोन दिवस आम्ही हा खेळ फुकटात बघितला. बेकरीतली पोरगी या म्हणायची. बसचा ड्रायव्हर या म्हणायचा. डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या दारातला मिशाळ माणूस फोनवर कुणाला तरी सारखं या, या, या करत होता आणि आई त्याला म्हणाली, "अहो, किती घाई! चढतेय ना." कुठंही गेलं तरी तिचं स्वागत होत होतं. तिचा चेहरा बदलला. पाठ सरळ झाली. केबल कार वर निघाली तेव्हा खाली ते सगळं शहर, त्यातून वाहणारी दुधाळ हिरवी इन नदी, आणि समोर बर्फाची शिखरं, आणि आई काचेला नाक लावून म्हणाली, "तिकिटावर ना, डोंगर एवढुसा असतो गं." जेवायला तिकडे साखर भुरभुरवलेला एक पदार्थ मिळतो, जाड घावन तव्यावरच फाडून तुकडे करतात. "हे मोडलेलं धिरडं मी ताटात वाढलं असतं तर तू तोंड वाकडं केलं असतंस," असं मला सुनावून तिनं सगळं संपवलं. इतकी खूश मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिली नव्हती.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं.

पण बुधवारी सकाळी मी चिडलेली होते. तो दिवस सांगण्याचा होता, आणि जिला सांगायचं ती अशी आनंदात असणं मला गैरसोयीचं वाटत होतं. नाश्त्याला मालकीणबाई कॉफी ओतताना स्वयंपाकघरातल्या कुणाला तरी ओरडून "या, या" म्हणाल्या. आई चटकन उठली. "मला बोलावतायत वाटतं. काही मदत हवी असेल." मी पदर धरून तिला खाली बसवलं.

"आई, कुणी बोलावत नाहीये तुला. 'या' म्हणजे यांच्यात हो. नुसतं हो. इतके दिवस कुणीही तुला या म्हणालेलं नाही."

ईशाच्या तोंडातून हसू फुटलं. "आजी, बट इट वॉज सो क्यूट!"

आईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो का," ती म्हणाली. मग पावावर लोणी फार काळजीपूर्वक कडेपर्यंत लावलं. "आणि तुम्हाला दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"त्यात काय एवढं," मी म्हणाले.

इन्सब्रुकला जुन्या शहरात एका सज्ज्यावर सोनेरी छप्पर आहे. राजा तिथं बसून खालचे खेळ बघायचा म्हणे. सगळं जग खाली उभं राहून त्या छपराचे फोटो काढतं, आम्हीही काढले. आईला मी त्या ट्रिपसाठी मरून रंगाचं नवं जॅकेट घेतलं होतं. फोटोत ते फार खुलून दिसतं. तिथून दोन मिनिटांवर राजाचं चर्च. ती जागा मी मुद्दाम निवडली होती. देवळात आई आवाज चढवत नाही. दुसऱ्याच्या देवाचं असलं तरी देऊळच.

आत मधोमध संगमरवराची भली थोरली कबर, आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच, काळेभोर, ब्राँझचे पुतळे. राजाचे आजे-पणजे, राण्या, मेहुणे, सगळे त्याच्या अंत्ययात्रेला उभे केल्यासारखे. आई प्रत्येकाच्या पायाशी थांबत होती. ईशानं फोनवर वाचून सांगितलं, "आजी, गेस व्हॉट, ही ग्रेव्ह एम्प्टी आहे. किंग इज बरीड समव्हेअर एल्स." आणि ती पलीकडच्या टोकाला फोटो काढायला गेली.

"म्हणजे नातेवाईक सगळे इथं," आई म्हणाली, "आणि माणूस एकटाच भलतीकडे?"

इतकी सोयीची ओळ मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी ती वाया घालवली नाही. दोन राण्यांच्या मधे उभं राहून, शीटमध्ये लिहिलेल्या क्रमानं, मी सगळं सांगितलं. फ्लॅट सोडायचा. नवी खोली. बाग आहे. डॉक्टर असतात. तुझ्या वयाची माणसं, गप्पांना कंपनी. जिना नाही. सामान हलवायचं ठरवून झालंय, तू पोचलीस की थेट तिकडेच.

"आश्रम का?"

"आश्रम काय गं, सीनियर लिव्हिंग."

ती समोरच्या पुतळ्याच्या हाताकडे बघत होती. त्या हातात पूर्वी मेणबत्ती ठेवायचे, आता मूठ रिकामी असते. मी मनातल्या मनात तयारी केली होती: ती रडली तर, चिडली तर, बाबांचं नाव काढलं तर. प्रत्येकावर उत्तर होतं.

"पिनकोड तोच राहतो का?" तिनं विचारलं.

"काय?"

"पत्ता बदलणार ना माझा. पिनकोड बदलतो का, तेवढं सांग."

मला माहीत नव्हतं. चर्चमध्ये उभं राहून मी फोनवर शोधला. "बदलतो," मी म्हणाले. "बरं," ती म्हणाली, आणि राहिलेले पुतळे बघायला निघाली. एकही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक पोस्टकार्ड विकत घेतलं. डोंगर, कुरण आणि गाय. नदीकाठच्या बाकावर बसून तिनं माझ्याकडे पेन मागितलं, आणि संस्थेचं नाव नीट विचारून घेतलं. श्रीमती, मग तिचं स्वतःचं नाव, मग तो नवा पत्ता, नवा पिनकोड. पोस्टातलं ते सुबक, गोल अक्षर.

"स्वतःलाच पाठवतेस?"

"मी पोचेन त्यानंतर आठवड्याभरात येईल. नव्या जागी काहीतरी यायला पाहिजे माणसाच्या नावानं. नाहीतर पोस्टमन ओळखत नाही."

मजकुराची जागा कोरीच होती. काहीतरी लिही ना, असं मी म्हणाले तर म्हणते, "काय लिहू? मला माझी बातमी ठाऊक आहे." तिकीट लावून झाल्यावर कार्ड पेटीत टाकायच्या आधी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मार्चमध्ये इकडच्या व्हिसासाठी मी मुंबईला रांगेत उभी राहिले होते. तेव्हाच ठरलं होतं ना तुझं?"

म्हणजे चादरीची घडी घालताना तिनं विचारलं, त्याच्याही आधी. "आई, असं नसतं ते," मी म्हणाले. तिनं कार्ड पेटीत टाकलं.

शुक्रवारी खेड्यात उत्सव होता. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरायला ठेवलेल्या गाई सप्टेंबरात, थंडीच्या आधी, खाली गावात आणतात. डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात हंड्याएवढ्या घंटा. मी ट्रिपच्या तारखा या उत्सवावर बेतल्या होत्या. आईला पोळ्यासारखं वाटेल म्हणून. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. दोन-तीन कळप सजून गेले. मग एक कळप आला, पंधरा-वीस गाई, एकीच्याही डोक्यावर फूल नाही. पर्यटकांनी फोन खाली घेतले. मालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, या घरची एक गाय उन्हाळ्यात कड्यावरून पडली. कळपातली एकजरी गेली तरी त्या वर्षी कुणालाच सजवत नाहीत, सगळ्या तशाच येतात.

"दॅट्स सो सॅड," ईशा म्हणाली.

आई पुढे झाली. पहिल्या गाईच्या कपाळाला हात लावून तो हात तिनं स्वतःच्या कपाळाला लावला. परत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. "प्रामाणिक माणसं आहेत," ती म्हणाली. "उगीच सजवून नाही आणलं." असं म्हणून मरून जॅकेटची चेन खाली ओढली, ते काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. डोंगरावरून गार वारा येत होता. "नाशकात कुठे लागतं मला," ती म्हणाली. उरलेले दोन दिवस तिनं ते घातलं नाही. ते अजून आमच्या कपाटात आहे आणि मला कुणालाही देता येत नाही.

आता दर रविवारी मी फोन करते. ती वेळेवर उचलते. तक्रार नाही. बाग छान आहे, डॉक्टर येतात, मेथी फुलली आहे. शेवटी विचारते, "जेवलात का?" ते 'जेवलात' आम्हा सगळ्यांना असतं की एकट्या मला, हे मराठीत कळायला मार्ग नाही. पूर्वी ती "जेवलीस का" म्हणायची, असं मला आठवतं. पण मी इतकी वर्षं नीट ऐकलं होतं कुठे?

एक मात्र मला पक्कं आठवतं. पंचवीस वर्षांपूर्वी मी शिकायला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाला निघाले तेव्हा मुंबईच्या विमानतळावर बाबा बोलतच होते, पासपोर्ट, पैसे, स्वेटर. आई बाजूला उभी होती. मी वाकून म्हटलं, "येते गं." तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ये." एवढंच. नाशिकच्या घरी पाहुणे उठले, "येतो वहिनी" म्हणाले, की ती दारापर्यंत जाऊन हात जोडून 'या' म्हणायची. मी निघाले की 'ये'. शाळेला, कॉलेजला, समुद्रापार. त्या एका शब्दावर मी पहिल्या दोन हिवाळ्यांत तग धरला.

त्या ट्रिपच्या शेवटी, रविवारी म्युनिकला आमच्या वाटा फुटणार होत्या. तिचं विमान मुंबईचं, आमचं डेट्रॉइटचं. व्हीलचेअर मी आधीच सांगून ठेवली होती, एक तरुण बाई ती घेऊन आली. आई तीत बसली, पर्स मांडीवर, पायात पांढरे बूट. ईशानं तिला मिठी मारली, "आय लव्ह यू आजी, तू नीट जावा हं." आजीनं तिची पापी घेतली. मग मी वाकले. पायांना हात लावला. "येते गं आई," मी म्हणाले. "डिसेंबरमध्ये नक्की येते."

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काउंटरच्या काचेमागून बघताना असायचं तसं साधं, सभ्य हसू. दोन्ही हात जोडले.

"या," ती म्हणाली.

बाईनं खुर्ची वळवली. आईनं मागे पाहिलं नाही. ईशानं माझं कोपर दाबलं, डोळे पुसत हसली. "मॉम, डिड यू हियर दॅट? आजी सेड या! शी मीन्स येस. शी इज ओके विथ इट."

"हो," मी म्हणाले, आणि आम्ही आमच्या गेटकडे चालू लागलो.